काळ्या पडद्यावरची दोन अक्षरं

सर, शाळेच्या ऑफिसात तुम्ही कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलंत, ते मला अजून दिसतं. तुम्हीच मला चौथीत शिकवलंत आणि पुढे मोखाड्याच्या त्याच आश्रमशाळेत तुमच्या हाताखाली मी बाई म्हणून लागले, तीही कच्च्या नोकरीवर. शाळेला मिळालेलं ते पहिलं मशीन, मला कुठला धीर निघतोय! कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या नव्या प्रणालीची, सीडी आली होती. नवमीच्या दुपारी सगळे झेंडूची तोरणं बांधत होते, तेवढ्यात मी ती मशीनवर चढवली. बंद करून परत सुरू करते तर काळ्या पडद्यावर एल, आय अशी दोनच अक्षरं आणि पुढे ठप्प. पाचावर धारण बसली. मशीनवर कापड टाकलं आणि गुपचूप बाहेर पडले.

दसऱ्याच्या सकाळी तुम्ही पोरांना रांगेत उभं केलंय. अक्षता टाकताय, बटण दाबताय. तीच दोन अक्षरं. "अक्षता आत गेल्या गं पोरी," तुम्ही कपाळावर हात मारता. "माझ्याच हातानं घालवलं." मग रोज 'बघते, सर' म्हणत मी ऑफिसचं दार लावून बसायचे. कुणाला विचारायची सोय नव्हती, विचारलं तर काय चढवलं ते सांगावं लागलं असतं. बाहेर अंगणात नागली वाळत घातलेली, पोरं पाखरं हाकताहेत, आणि मी आत कोंडलेली. तुम्ही चहा पाठवायचात, तो तसाच निवून जायचा.

'पूजेत माझ्या हातून निष्काळजीपणा झाला,' असा स्वतःच्या नावाने खुलासा तुम्ही वरच्या कार्यालयाला लिहिलात. मार्चमध्ये निवृत्त होणारा माणूस, उभ्या नोकरीत एक वाईट शेरा नाही. लखोटा माझ्याच हातात दिलात. "जव्हारच्या जीपवाल्याकडे दे. मला जायची लाज वाटते." मी दिला. लखोटा गेल्यावर पंधरा दिवसांनी सगळ्यांदेखत मशीन चालू करून दाखवलं, तेव्हा तुम्ही माझी पाठ थोपटून म्हणालात, "बघा, आपल्या बाईंनी शाळेची अब्रू राखली!" शेरा मात्र तुमच्या सेवापुस्तकात बसला तो बसलाच. त्यानंतर तुम्ही त्या मशीनला बोटसुद्धा लावलं नाहीत.

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकू? टाकणार नाहीच. पण सर, उपाय त्याच मासिकात होता, सेटिंगमध्ये एक शब्द घालायचा राहिला होता. सीडीवरून मशीन सुरू करून तो घातला आणि सगळं चालू झालं, तेव्हा सोमवार होता. मी ते बंद केलं, वर कापड टाकलं.

लखोटा तुम्ही दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दिलात.