ठकीचा गुलाबी जंतू

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा वाकत नसल्याने उभ्यानेच, गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला? त्यांना म्हणावं, काय खोकायचं ते आत्ताच खोकून घ्या, कारण पुढची बातमी एका दमात वाचायची आहे. आपल्या ठकीला नवा जंतू सापडला! साधासुधा नव्हे, जगात आजवर कुणी न पाहिलेला!

मी बर्फाचा कारखाना शून्यातून उभा केला (शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद जुना आहे). घरचा एवढा बर्फ सोडून माझी लेक बर्फ बघायला थेट ध्रुवावर गेली, आणि तिथल्या चिमूटभर बर्फातून हा पाहुणा घेऊन आली. आता तो नवा की जुना, हे कसं ठरतं? तर त्याची जनुकं ओळखीच्या सगळ्या भाऊबंदांशी ताडून बघायची. शंभरात पंच्याण्णवच्या वर जुळली की जुनाच, खाली राहिली तर नवा. लोक जुळावं म्हणून देव पाण्यात घालतात, आम्ही जुळू नये म्हणून घातले. त्यात परदेशातली एक मंडळी याच जंतूच्या मागावर. ज्याचा लेख आधी, नाव ठेवायचा मान त्याचा.

आणि ऐन वेळी प्रयोगशाळेतलं थंड कपाट बंद पडलं. ठकी काचेच्या बशा घेऊन माझ्या शीतखोलीत हजर. "बाबा, जपा हं, ऊब लागली की मरतो." मी छाती फुगवून हो म्हटलं आणि मुकादमाला सांगायचं विसरलो. आमचा मुकादम नियमाचा पक्का. शीतखोलीत काही उगवलेलं दिसलं की वर उकळतं पाणी, हा नियम मीच घालून दिलेला. बशांतले गुलाबी ठिपके दिसताच त्याने बादली ओतली, आणि वर मलाच ऐकवलं, "शेठ, घाण धरली होती, साफ केली. तुमचं लक्ष नसतं हल्ली." ठकी एकेक बशी उचलून उजेडाशी धरून बघू लागली. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडू कशावर? काम शाबासकीचं केलं होतं त्याने! शेवटी बर्फाच्या लाद्यांच्या मागे एक बशी निघाली, पाण्यातून वाचलेली. त्या एकीवरून ठकीने सगळा वंश पुन्हा वाढवला.

पुढे जिवंत नमुने दोन देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागतात, तरच नाव ग्राह्य. दोन्हीकडून "जिवंत पोहोचला" असा निरोप आला. आणि जुळणी? ऐंशीच्याही आत! मुकादमाने सगळ्या कामगारांना चहा पाजला (माझ्या खर्चाने).

दाजींना नमस्कार, नातवंडांना गालगुच्चे.
तुझा धाकटा

ता. क. जंतूला स्वतःचं नाव द्यायची या शास्त्रज्ञ लोकांत पद्धत नाही. ठकी फोनवर तिच्या बाईंना सांगत होती ते मी दाराआडून ऐकलं (कान अजून शाबूत आहेत): तिला तुझं नाव द्यायचंय. ध्रुवावर जाऊ नको असं आम्ही सगळे म्हणत होतो, तेव्हा एकटी आत्या पाठीशी उभी राहिली, म्हणून. पण हयात माणसाला आधी विचारलेलं बरं, आणि तिला तुझी भीती वाटते. तेव्हा मी विचारतोय.

आणखी एक. नावाखाली वर्णन छापावं लागतं: गोल, गुलाबी, जागचा हलत नाही, उकाडा सोसत नाही, एकदा चिकटला की सुटत नाही. हे जंतूचं आहे, ताई. दाजींना मोठ्याने वाचू देऊ नकोस.

शेवटचं. ती परदेशी मंडळी थांबणार नव्हती, म्हणून लेख आज सकाळीच गेला, तुझ्या नावासकट. होकार तेवढा लवकर धाड, म्हणजे आधी विचारल्यासारखं दिसेल.