मरियामावशीची अकरा गाणी

४ जानेवारी १९९८, पारनेर
कॉम्प्युटर बसवला. भाच्याने पुण्याहून आणून स्वरलेखनाचा प्रोग्रॅम टाकून दिला. संकल्प: मरियामावशीची अकराही गाणी ईस्टरपर्यंत कागदावर. तिच्या वडिलांनी रचलेली. पूर्ण फक्त तिलाच येतात. आम्ही रविवारच्या उपासनेला देवळात तिच्यामागे ध्रुपद ओढतो. वय एक्क्याऐंशी. पण घाई नको. आधी पद्धत ठरली पाहिजे.

१३ जानेवारी
पद्धत पहिली. माऊसने एकेक सूर उचलून रेघेवर ठेवायचा. दोन तासांत एक ओळ. वाजवली तर वरातीचा बँड. दोष स्पीकरचा.

२ फेब्रुवारी
माऊस बंद. कॅसिओच्या की-बोर्डला केबल जोडली. एका हाताने सूर, दुसऱ्याने मात्रांचं बटण. मावशीला म्हटलं, एकेक सूर सुटा म्हण. म्हणाली, "दानीएल, कोंबडीची पिसं उपटून ती चालती का बघतोस व्हय?"
शिक्षण नसलं की असं होतं.

१९ फेब्रुवारी
तिची सून, प्रार्थना, टेपरेकॉर्डर घेऊन आली. "भाऊ, आधी टेप करून ठेवू. त्यांना दम लागतोय." म्हटलं, कॅसेटला बुरशी येते. खरं कारण सांगितलं नाही: टेप झाल्यावर मला कोण विचारणार? मावशी सुनेलाच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्यो शिकलेला हाय."

११ मार्च, दुपार
अंतिम पद्धत! तिने गायचं, मी वाजवायचं, लिहील मशीन. अट एकच, मशीनच्या टकटकीबरोबर. मावशी 'प्रभू' म्हटलं की थांबते, श्वास घेते, मग पुढे. पडद्यावर शेवया सांडल्यासारखे सूर. चौदा वेळा गायला लावलं. "ह्याला गप कर रे. देवळात कुणी लाकडं फोडतं व्हय?" मी स्पष्ट सांगितलं, तू तालात चुकतेस. एक्क्याऐंशी वर्षांत कुणीतरी सांगायलाच हवं होतं.
रडली. म्हणजे पटलं.

२६ मार्च
दोन रविवार ती देवळात नाही. कामाला निवांतपणा. तिचं थांबणं सगळं काढून टाकलं. पहिलं गाणं तयार! दिवसभर वाजवत बसलो. मशीन एकदाही चुकलं नाही.

९ एप्रिल
मावशीला झटका. वाचा गेली. दहा गाणी बाकी. वेळ पाळायची सवयच नाही या लोकांना.

१२ एप्रिल, ईस्टर
छापील पान घेऊन मावशीकडे गेलो. माझं नाव वर, तिचं खाली, जरा बारीक. कॅसिओवर पानाबरहुकूम वाजवलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. प्रार्थना म्हणाली, "भाऊ, हे आत्याबाईंचं गाणं न्हाई." चिडून म्हटलं, मग तूच म्हणून दाखव. तिला येईना.
घरी येऊन मीच म्हणून बघितलं. तीस वर्षं तिच्यामागे गायलोय.
मशीनचंच आलं.