नंदीचे डोळे

हिंगणी, २० जुलै २०२५

चि. सौ. वर्षालीस,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मले बोलू देत नाई, म्हणून लिहून राह्यली.

तुहं पार्सल भेटलं. कोरी वही, पेन्सिली, रंगाची डबी. मी काय बालवाडीत जाऊन राह्यली काय वं? वरून तुही चिठ्ठी, का रोज एक पान खेळत खेळत काढा, कधी डाव्या हातानं, कधी डोळे मिटून. इथं कपाशीच्या वावरात डवरणं सुरू आहे, सुरभी आता चालायले लागली तर घरात एक भांडं जाग्यावर राहू देत नाई, अन् मी डोळे मिटून चित्रं काढू?

मनगट मोडल्यापासून ब्रश धरला का माहा उजवा हात थरथरते, हे तुले माहीत आहे. पह्यले पोट्ट्यायच्या तान्ह्या पोळ्याले अख्ख्या गल्लीतले लाकडी नंदी माह्याकडंच रंगाले येत. मागच्या साली शेजारच्या बंडूजीच्या नातवाच्या नंदीचे डोळे काढले, तर बंडूजी चारचौघात म्हणे का नंदी दारू पिऊन आला. तवाच ब्रश माळ्यावर फेकले.

यंदा आपल्या सुरभीचा पह्यला तान्हा पोळा. नातीचा नंदी मीच रंगवीन, असं मनात लय होतं. पण तुह्या भाऊनं वर्ध्याहून डोळ्यायचे स्टिकर आणून ठेवले. म्हणते, वेळेवर फजिती नको. माहं डोस्कं असं फिरलं का विचारू नको. वाईट याचं वाटते, का ते खरं बोलून राह्यले.

वही वापस पाठवते. लोभ आहे तेवढा पुरे, पार्सलं नको.
तुही वहिनी,
जयवंता

वर्धा, २७ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

वही परत आली तर ती घेऊन मी स्वतः हिंगणीच्या बसमध्ये बसेन आणि पोळ्यापर्यंत तुमच्याकडंच ठाण मांडेन. मला चहा किती लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

अहो, नंदी काढा असं मी म्हटलंच कुठं? नंदी बिलकुल काढायचा नाही! चहाचा डाग पडला तर त्याला शेपूट काढा. कुकर काढा, पण पेन्सिल न उचलता एकाच रेघेत. कागदाकडं न बघता भाऊ काढा. चित्र बिघडलंच पाहिजे, एवढीच अट. तेवढंही जमत नसेल तर कमाल झाली बाप्पा!

स्टिकरवरून मी भाऊला फोनवर चांगलं झापलं. तो म्हणाला, बंडूजी हसले त्या दिवशी ती जेवली नव्हती, पुन्हा कोणी तिला हसलेलं मला पाहवणार नाही. आता याच्यावर रागवावं तरी कसं, तुम्हीच सांगा.

तुम्ही माझ्यावर खुशाल चिडा, पण वही भरता भरता चिडा.
तुमची हट्टी नणंद,
वर्षाली

हिंगणी, १० ऑगस्ट

चि. सौ. वर्षालीस,
आशीर्वाद. तू येऊन बसशील या भ्यानं वही उघडली.

कुकर भोपळ्यासारखा आला. चहाच्या डागाचं डुक्कर झालं. तुहे भाऊ रोज खांद्यावरून डोकावते अन् जे दिसन त्याले बैल म्हणते. कुकरले बैल, माह्या चपलेले बैल. मी म्हटलं, बाजूले सरा नाईतर तुमालेच बैल करीन.

काल दुपारी ते खाटेवर घोरून राह्यले होते. कागदाकडं न पाह्यता त्यायले काढलं. नाक पार कानाजवळ गेलं. हात थरथरतच होता, पण त्या थरथरण्यानं दाढीचे खुंट असे हुबेहूब आले, का मले हसू आवरे ना. ते जागे झाले. वही घेऊन लय वेळ पाह्यत बसले. म्हणे, हा तर आपला बाप आहे. मामंजी जाऊन इतके वर्षं झाले, अन् ते माह्या वाकड्यातिकड्या रेघेत येऊन बसले.

पण तू लगेच उड्या मारू नको. कागद बिघडला तर पान पलटवता येते. नंदीले दोनच डोळे असते. स्टिकरच लावीन.
माया अशीच ठेवजो, कटकट कमी करजो.
जयवंता वहिनी

वर्धा, १५ ऑगस्ट

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

स्टिकर लावले तर मी सुरभीला बोजाऱ्याचे पैसे देणार नाही. पोळ्याचा बोजारा नाकारणारी आत्याआजी म्हणून माझी बदनामी होईल, ती तुमच्यामुळं.
रागानं, तरी तुमचीच,
वर्षाली

हिंगणी, २५ ऑगस्ट

चि. सौ. वर्षालीस,
आशीर्वाद.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी स्टिकर गायब! डबे पाह्यले, गाद्या झटकल्या, सुनेले उगीच बोलली. तुहे भाऊ आरामात चहा पिऊन राह्यले होते. म्हणे, उंदरानं नेले असतीन. उंदीर कायले नेईन वं डोळे? तिकडं पोट्टे आपापले नंदी घेऊन दारात येऊन उभे झाले, अन् आमचा आंधळा.

काय करता! माळ्यावरून ब्रश काढले. हात थरथरलाच. मनात म्हटलं, नंदी नोहे, कुकर आहे. ब्रश न उचलता एकाच रेघेत डोळा फिरवला. दुसरा पह्यल्याहून मोठा झाला. बंडूजीनं वाकून पाह्यलं. म्हणे, हा मलेच काऊन पाहून राह्यला? तेवढ्यात सुरभीनं नंदीच्या ओल्या डोळ्याचा मुका घेतला, तिचं तोंड काळं झालं. सारी गल्ली हसली. मीही हसली वं, अन् त्या दिवशी पोटभर जेवली.

काल कोठ्यात गेली तर फवारणीच्या पंपाले दोन डोळे! स्टिकर तिथं चिकटवलेले, नीट, सारख्या अंतरावर. चहा पिणारा उंदीर कोण, ते समजलं. तिथंच पोत्यावर बसून त्या पंपाचं चित्र काढलं. उजव्या हातानं.

सुरभीचा बोजारा घेऊन येजो. चहा मोजणार नाई.
तुही वहिनी,
जयवंता

ता. क. वही भरली. दुसरी पाठवजो, अन् मोठी पाठवजो. इतक्याशा पानात तुहे भाऊ मावत नाई.