एक टीबीचा पंचनामा

ती. सोमनाथदाजींना रंगनाथाचा नमस्कार. (साष्टांग घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा घातला असं समजून घ्यावं.) तुमचा खोकला कमी झाला का? मालनताईला सांगा, सिन्नरच्या वाऱ्यात तुम्हाला संध्याकाळी ओट्यावर बसू देऊ नको. इकडे सिडकोत सगळे खुशाल आहोत. म्हणजे मी आहे. तुमची भाची आरोही नऊ दिवस माझ्याशी बोललेली नाही आणि लेकीची बाजू घेऊन सुलाही फक्त ताटात वाढताना बोलते, पण ते पुढे येईलच. आधी आनंदाची बातमी ऐका. तुमच्या मेहुण्याने शोध लावलाय!

दाजी, वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढली. पेट्रोल पंप तपासले, कांद्याचे काटे तपासले, पण एवढी मोठी तूट कधी हाती लागली नव्हती. ती लागली तुम्हीच आणलेल्या स्थळाच्या सुपारीच्या दिवशी. तुम्ही नेमके खोकल्याने आला नव्हतात. पिंपळगावहून गोरक्षराव आले (पॅकहाऊसवाल्यांना कॅमेरे आणि कॉम्प्युटर पुरवतात, हे तुम्हीच सांगितलं होतं), सोबत मुलगा रुद्र, त्याचे मामा आणि द्राक्षांची पेटी. (पेटी मी आत नेऊन तोलली. खोटं कशाला बोलू, चाळीस ग्रॅम जास्तच होती.) सुपारी फुटली, आणि गोरक्षरावांनी मोठ्या हौसेने आरोहीच्या हातात तळहाताएवढी एक काळी डबी ठेवली. म्हणाले, साखरपुड्याचे फोटो, व्हिडिओ यात साठवा, पूर्ण एक टीबी आहे. म्हणजे एक हजार जीबी.

आता 'पूर्ण' असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जातो. डबी घरच्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर आलं, नऊशे एकतीस जीबी. एकोणसत्तर जीबी गायब! भेट मोजून घेऊ नये हे मलाही कळतं हो. पण कळेपर्यंत पंचनामा लिहून झाला होता. वस्तू, छापील माप, प्रत्यक्ष माप, तूट. पंच म्हणून शेजारच्या नवसाबाईंची आणि मुलाच्या मामांची सही घेतली. (मामांनी आहेराची यादी समजून केली.) मग सगळ्यांदेखत तो गोरक्षरावांना वाचून दाखवला आणि नियमाप्रमाणे एक प्रत हातात दिली. ते चहा तसाच ठेवून उठले. जाताना एवढंच म्हणाले, "तीस वर्षं दुकान चालवतोय, मला लबाड कोणी म्हटलं नव्हतं."

तिसऱ्या दिवशी रुद्र एकटा आला. पोरगा सॉफ्टवेअर लिहितो, आवाज मुळीच चढवत नाही. कागद घेऊन मला शिकवायलाच बसला. डबी बनवणारा हजाराने मोजतो, हजार एमबीचा एक जीबी. घरचा कॉम्प्युटर दर पायरीला एक हजार चोवीसने मोजतो. जागा तेवढीच, कणभर कमी नाही. मापं मात्र दोन, आणि पडद्यावर नाव दोघांचंही जीबीच! मोठ्या मापाला गिबीबाइट असं वेगळं नाव जाणत्यांनी केव्हाच देऊन ठेवलंय, पण कित्येक सॉफ्टवेअरवाले ते लिहीतच नाहीत. दाजी, मी खुर्चीतून उठलोच. अहो, हा तर आपल्या आजोबांच्या वेळचा कच्चा शेर आणि पक्का शेर! मी लगेच बारसं करून टाकलं, हजाराचा तो कच्चा जीबी, चोवीसवाला पक्का. रुद्र खूप हसला. पण हसून सोडून दिलं नाही त्याने. त्यांच्या कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी निवडलं की आता खाली येतं, 'शिल्लक जागा : दोनशे पक्के जीबी'. मी नोकरीत असतो तर देशभर लागू करून घेतलं असतं. मंत्रालयाला बारा पानी पत्र तयार आहे, तुम्हाला प्रत पाठवतोच.

ताईच्या हातच्या शेवयांची आठवण काढणारा, अजून वजनात पुरेपूर असलेला,
तुमचा रंगनाथ

ता. क. : बारा पानं राहू द्या. खरं काम वेगळंच आहे. सोबत पंचनामा मागे घेतल्याचा लेखी जबाब जोडलाय, तो तुम्ही पिंपळगावला जाऊन गोरक्षरावांच्या हातात द्या. मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते. साखरपुडा अकरा तारखेला ठरलाय, पण त्यांच्याकडून हो नाही की नाही नाही. आरोहीला तो मुलगा फार आवडलाय, दाजी. मेंदीवालीचा फोन आला की ती उचलत नाही, नुसती बघत बसते. हे मला बघवत नाही.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात पिंपळगावहून माणूस पेढ्यांचा बॉक्स देऊन गेला. वर गोरक्षरावांची चिठ्ठी, 'साखरपुडा ठरल्या दिवशीच. पेढे पूर्ण एक किलो.' मी तोलले. (सुला आणि आरोही दोघी बघत होत्या, तरी तोलले.) भरले नऊशे एकतीस ग्रॅम. नऊ दिवसांनी आरोही बोलली, "बाबा, आता?" मी पेन काढलं, बॉक्सवर 'वजन बरोबर' असं लिहिलं आणि खाली सही केली. तेव्हा पिंपळगावला जाऊ नका, अकराला ताईला घेऊन सरळ इकडेच या. आणि खात्यातल्या कोणाला बोलू नका. चौतीस वर्षांत खोटी सही केली नव्हती मी.