स्थावर कोपरे, जंगम गाड्या

मृत्युपत्राच्या आरंभी लिहिणाऱ्याने आपण शुद्धीवर असल्याचे सांगायचे असते. ते मी सांगणारच आहे. परंतु त्याआधी एक तक्रार नोंदवणे अत्यावश्यक आहे, कारण ती मनात ठेवून मी शांत चित्ताने काही लिहितो आहे असे म्हटले, तर ते असत्य ठरेल.

आमच्या फाटकासमोर शेजाऱ्यांची गाडी उभी असते. ती बारा महिने तेरा काळ राखाडी आच्छादनाखाली असते, खालून नाड्या बांधलेली. तिचा रंग कोणता हे मला आजतागायत ठाऊक नाही. ज्याने उभा जन्म रस्त्यांचे आणि रस्त्यांवरच्या गाड्यांचे फोटो काढण्यात घालवला, त्याच्या खिडकीसमोर असे गाठोडे आणून ठेवणे म्हणजे भुकेल्यासमोर बंद डबा ठेवण्यासारखे आहे. शेजारी आमच्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे अध्यक्ष आहेत, तेव्हा हा अपराध अजाणता घडला असेही म्हणता येत नाही. एकदा विचारले, तर म्हणाले, "धूळ बसते हो." गाडी जर कधी बाहेर निघतच नाही, तर धूळ बसली काय आणि न बसली काय. असो.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन, अविवाहित, विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात नोकरीस, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने अथवा भिडेने नव्हे तर आपल्या राजीखुशीने हे लिहून ठेवतो. उद्या मला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल व्हायचे आहे. सर्जन म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही. पण काही लिहायचं राहिलं असेल, तर लिहून टाका." या दोन वाक्यांची आपसात ओळख नसावी.

कलम पहिले : घर

माझी स्थावर मालमत्ता म्हणजे हे घर. वडिलांनी ते मला दिले, कारण त्या काळी घरे मुलांना देत आणि कामे मुलींना. धाकट्या भावाला त्याचा वाटा तेव्हाच मिळाला. या घरात माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तहहयात राहावे. तिच्यानंतर ते माझ्या पुतणीकडे, म्हणजे धाकट्याच्या मुलीकडे जावे. अट एकच: ताईला आपल्या पायांनी वाचनालयात जाऊन परत येता येते आहे, तोवर तिला या घरातून कोणी हलवू नये.

ही अट का, ते सांगतो. ताईला अलीकडे वाटा आठवत नाहीत. माणसे आठवतात. कोणाच्या लग्नात कोण रुसले होते ते आठवते. शाळेत मी धातूंची रूपे चुकलो होतो, तेही आठवते आणि मी संस्कृत घेऊन पदवीधर झालो असूनही ती ते पाहुण्यांना सांगते. फक्त फाटकाबाहेर पाऊल टाकले की कुठल्या कोपऱ्यावर कुठे वळायचे ते पुसून जाते. डॉक्टरांनी याला एक भलामोठा सामासिक शब्द सांगितला. मी त्याचा विग्रह करून पाहिला, त्यातून औषध काही निघाले नाही.

ताईने सगळी नोकरी वाचनालयात केली, आणि निवृत्तीनंतरही ती रोज सकाळी तिथे जाते. मी सोबत येतो म्हटले, तर म्हणाली, "तुला हात धरून शाळेत मी नेलंय. आता तू मला नेणार? लोक हसतील रे."

"लोकांना काय कळतंय?"

"मला कळतं ना."

मी विषय तिथेच सोडला. आणि उत्तरे लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे.

कलम दुसरे : कॅमेरा

कॅमेरा, सर्व भिंगे, कॅमेरा उभा करायचे तिकाटणे आणि झाकण हरवलेली ती पिशवी पुतणीला द्यावी. तिची नजर चांगली आहे आणि ती माझे ऐकत नाही. छायाचित्रकाराला दोन्ही लागते.

माझा पहिला कॅमेरा ताईने घेऊन दिला होता. मी त्यातून गाड्या टिपू लागलो, तेव्हा म्हणाली, "दुसऱ्यांच्या गाड्यांकडे असं टक लावून बघू नये. चांगलं दिसत नाही." मला गाडी चालवता येत नाही आणि घ्यावीशीही कधी वाटली नाही. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात जुन्या बोनेटवर अख्खी गल्ली उलटी उतरते, खिडक्या, तारा, वाळत घातलेले कपडे, सगळे. ते पाहत राहावे, एवढाच माझा लोभ. त्या नादात घरी यायला उशीर होई. उशीर झाला की ताई पायात चप्पल सरकवून मला शोधायला निघे. ती कधी फाटकात वाट पाहत थांबली नाही, थेट निघायची. कुठल्यातरी चाकापाशी गुडघे टेकलेला मी तिला सापडत असे. "ऊठ," ती म्हणे, "ती काही तुला होकार देणार नाही."

हा तिचा स्वभाव मुद्दाम लिहून ठेवतो आहे. पुढे लागेल.

कलम तिसरे : कार्डांचे जुडगे

ही माझी सर्वात मौल्यवान जंगम मिळकत. वकिलांनी यादीत तिला "किरकोळ" या सदरात घातले होते. मी ते खोडले आहे.

ताईला एकटीने जाता यावे म्हणून मी घरापासून वाचनालयापर्यंतच्या आणि परतीच्या प्रत्येक वळणाचा फोटो काढला, जाडसर कार्डावर छापला, मागे "इथे उजवीकडे", "इथे सरळ" असे ठळक लिहिले आणि सगळी कार्डे एका कडीत ओवली. समोरचा कोपरा आणि हातातला फोटो जुळला की वळायचे, आणि मग पुढचे कार्ड. ताईला हे पसंत पडले. म्हणाली, "चला, तुझ्या फोटोंचा कोणाला तरी उपयोग झाला."

परंतु मी पडलो गाडीवाला. मला कोपरे कधी कोपरे म्हणून दिसलेच नाहीत. अमुक गाडी उभी असते ती जागा, असेच शहर माझ्या डोक्यात भरलेले. गॅरेजच्या कोपऱ्यावर मेस्त्रींची जुनी साय-रंगाची गाडी विटांवर चढवून ठेवलेली होती. इंजिन काढलेले, चाके नाहीत. ती हलेल असे खुद्द मेस्त्रींनाही वाटत नव्हते. मी खाली बसून, उजेड साधून तिचा मुखडा असा काही टिपला की पाहत राहावे. मागची गल्ली सुबकपणे धूसर केली. मागे लिहिले, "इथे उजवीकडे."

आणि मेस्त्रींनी गाडी दुरुस्त केली. त्यांना दोष नाही. गाडी दुरुस्त करणे हेच त्यांचे काम. एका सकाळी त्यांनी ती चालवून पाहिली आणि पार कापडबाजाराच्या टोकाला, रंगाच्या दुकानासमोर नेऊन उभी केली. ताई गॅरेजच्या कोपऱ्यावर आली, गाडी दिसेना, म्हणून कार्डाबरहुकूम सरळ चालत राहिली. चालत चालत कापडबाजारात पोचली. तिथे गाडी दिसली. ताई आज्ञाधारकपणे उजवीकडे वळली. त्यापुढचे कार्ड अर्थातच कशाशी जुळेना. तेव्हा ती परत गाडीपाशी आली, दार उघडून आत बसली आणि पर्समधले पुस्तक वाचू लागली.

वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "ताई अजून आल्या नाहीत." मी कार्यालयातून निघालो आणि सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तोवर मेस्त्री गाडी परत न्यायला गेले होते आणि त्यांनीच कळवले. मी पोचलो तेव्हा ते रस्त्यात अवघडून उभे होते आणि ताई मागच्या सीटवर पान उलटत होती.

"ताई, अगं केवढं घाबरवलंस. चुकलीस कशी?"

"मी कुठे चुकले? मी बरोबर आले," ती म्हणाली. "गाडी चुकली."

यात तिचे काहीही चुकले नव्हते. स्थावर कशाला म्हणावे आणि जंगम कशाला, हे कळण्यासाठी संस्कृत शिकलेल्या माणसाला विटांवरच्या गाडीची वाट पाहावी लागली.

मग मी सगळी कार्डे नव्याने केली. भर दुपारी, सपाट उजेडात, समोरून, एकही गाडी चौकटीत येऊ न देता. पाण्याचा नळ, खांब, जिना, पायरी. सगळे लख्ख आणि सगळे रटाळ. अध्यक्षांना दाखवली, तर चष्मा वर करून म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. पण यात विषय कुठे आहे?"

"वाचनालयात गेली आहे," मी म्हणालो.

तर पुतणीला सूचना अशी: कार्डे जुनी होतात. शिंपी शटरचा रंग बदलतो, पालिका खांब उपटते, एखादे झाड जाते. काही बदलले की त्याच दिवशी त्या कोपऱ्याचा नवा फोटो काढावा. कलात्मकता आणू नये. उजेड सुंदर पडला असेल, तर तो जाईपर्यंत थांबावे.

कलम चौथे : धाकटा बंधू

बंधूला माझ्या गाड्यांच्या छायाचित्रांचे सर्व खोके द्यावेत. "दादा, गाडी कधी घेणार?" असे तो वर्षानुवर्षे विचारत आला आहे. एकदम एवढ्या गाड्या दारात आलेल्या पाहून त्याचे समाधान व्हावे.

कापडबाजाराच्या प्रकरणानंतर तो मुद्दाम येऊन गेला. "दादा, हे काही खरं नाही. पत्त्यांच्या भरवशावर तू माणूस रस्त्यावर सोडतोस?"

"पत्ते नाहीत, कार्डं आहेत."

"तेच ते. तिला चांगल्या ठिकाणी ठेवू. बाग आहे, नर्स आहे."

"वाचनालय आहे?"

"टीव्ही आहे."

तो दुष्ट नाही, हे मी येथे शपथेवर सांगतो. तोही घाबरला होता आणि घाबरला की तो व्यवस्था लावतो. त्याला माझी विनंती एवढीच की काही ठरवण्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याने ताईच्या मागून अंतर ठेवून वाचनालयापर्यंत चालावे. नवी कार्डे झाली तेव्हा मी चाललो होतो. ती कोपऱ्यावर थांबते, कडी वर धरते, एक डोळा मिटून जुळवून पाहते, आणि जुळले की मान अशी डोलावते जणू तो कोपरा परीक्षेत पास झाला. कॅमेरा गळ्यात असूनही मी तो उचलला नाही. धाकट्याने ते पाहावे आणि मग काय ते ठरवावे.

कलम पाचवे : अध्यक्ष

शेजारी व अध्यक्ष यांना माझी सर्व प्रशस्तिपत्रे परत द्यावीत. ती सर्व "उत्तेजनार्थ" आहेत आणि सर्वांवर त्यांचीच सही आहे. एका गाडीच्या छायाचित्रावर त्यांनी शेरा दिला होता, "गाडी चांगली आहे, फोटोही बरा." तो शेरा मी त्यांना माफ करतो.

त्यांच्याकडे एक मागणेही आहे. आमच्या ओळीतली सगळी घरे एकाच साच्यातून काढलेली, फाटके एका रंगाची. ताईच्या जुडग्यातले शेवटचे कार्ड कशाचे करावे, याचा मी पुष्कळ विचार केला. कोपऱ्यांवर हलणार नाही अशी गाडी मला एकही मिळाली नव्हती. आणि इथे इतक्या वर्षांत न हललेली एक गाडी खिडकीसमोर उभी होती. शेवटच्या कार्डावर ती आहे, राखाडी आच्छादनासकट, नाड्यांसकट. मागे लिहिले आहे, "आलं घर."

तरी अध्यक्षांनी कृपा करून ती गाडी विकू नये, चालवू नये आणि तिचे आच्छादन काढू नये. आरंभीची माझी तक्रार कायम आहे, परंतु तिच्यावर कार्यवाही होऊ नये.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. या लेखाची अंमलबजावणी पुतणीने करावी. मेस्त्री साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील सांगतात; म्हणून साय-रंगाच्या गाडीचे ते छायाचित्र मी मोठे करून, चौकटीत बसवून, त्यांना आजच देऊन टाकले. धूसर गल्लीसकट.

सही : ताईचा भाऊ

साक्षीदार : कोपऱ्यावरचे मेस्त्री (हाताला ग्रीस असल्याने कागदावर डाग पडला आहे; तो खाडाखोड समजू नये)

साक्षीदार : वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई

स्थळ : आमच्या घरातले जेवणाचे टेबल

दिनांक : इस्पितळात दाखल होण्याचा आदला दिवस

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो.

घर, कॅमेरा, भाऊ, यांची मला काळजी नाही. ताई मला विसरेल अशीही भीती नाही. ती माणसे विसरत नाही, तेच तर आहे. मला यायला उशीर झाला, तर ती चप्पल घालून निघेल. कोणी कितीही सांगितले तरी निघेल. जुडग्यात वाचनालयाला जायची कार्डे आहेत, घरी यायची आहेत. माझ्याकडे यायचे एकही नाही. ते कुठल्या कोपऱ्यावर जाऊन काढावे, हे मला समजत नाही.