पीव्हीसी कापू नये

१२ जाने. १९९८, सोम. सांगली
पाच ते सव्वासहा कॉलेजच्या लेसर कटरवर. रेल्वेडब्याच्या प्रतिकृतीची डावी बाजू कापली. तीन मि.मी. प्लाय, दोन फेऱ्या, बारा खिडक्या. किरण स्वतः जवळपास पाव मि.मी. लाकूड खातो. ते ड्रॉइंगमध्ये धरलं नव्हतं, म्हणून गेल्या आठवड्यातली बाजू खाचेत सैल बसली. आज धरलं. हातोडीशिवाय बसली आणि हलली नाही.
मिरजेच्या यार्डात नॅरोगेजचा खरा डबा टेपने मोजत होते तेव्हा गार्ड म्हणाला होता, "भंगारात जायचाय ओ बाई, मोजून काय करता?" छप्पर आणि चाकं बाकी.
रजिस्टरमध्ये नोंद केली: वेळ, माल स्वतःचा, काम सराव. परवानगी नोव्हेंबरची, विभागप्रमुख इनामदार सरांच्या सहीची: कर्मचाऱ्यांनी पाचनंतर यंत्रावर सराव करण्यास हरकत नाही. मी सोडून कोणी सराव करत नाही. नोंदही मी सोडून कोणी करत नाही.

१६ जाने., शुक्र.
रविवारी संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी, सोबत विभागांचं प्रदर्शन. मंचामागे त्यांचं नाव, फूटभर उंचीची अक्षरं, लेसरवर कापून हवीत. दुपारी शीट आलं. पांढरं, हलकं, आतून फोमसारखं. इ. सर म्हणाले, ॲक्रिलिक आहे, दुकानदाराने सांगितलंय.
तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, शीटला टेकवली, परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी. म्हणजे क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. लेसरखाली गेलं की आम्लाची वाफ होते. लेन्स जाते, लोखंड गंजतं, माणसाच्या छातीचंही काही खरं नाही.
सरांना ज्योत दाखवली. "तुम्ही केमिस्ट्रीला कधी गेलात?" म्हटलं, करवतीने कापून देते, उद्या दुपारपर्यंत. "अध्यक्षांच्या एकसष्टीला करवत? मग हे लेसर काय पूजेला घेतलंय?"
यंत्राच्या झाकणावर कागद चिकटवला. रजिस्टरमध्येही तेच लिहिलं: पीव्हीसी कापू नये. सही, वेळ ४.४०. चावी पवारमामांकडे दिली. पवारमामा आमच्या लॅबचे मदतनीस, फौजेतून निवृत्त, आमच्या साताऱ्याकडचेच. उद्या सुट्टी. एस.टी.ने साताऱ्याला घरी.

१९ जाने., सोम.
दार उघडताच वास. घसा धरला. लेन्स पांढुरकी, चष्म्यावर वाफ धरते तशी, पण पुसून जात नाही. यंत्राचं डोकं ज्या दोन दांड्यांवरून सरकतं त्या तांबूस. बोट फिरवलं, गंज बोटाला आला. झाकणावर चिकटपट्टीचे चार तुकडे. कागद नाही.
पवारमामांना विचारलं.
"आवं म्याडम, शनवारी साहेब आलं, म्हनलं चावी द्या. दिली."
"कापलं कोणी?"
"मी भायेर हुतो. धूर लय झाला तवा खिडक्या उघडल्या. त्येवडंच."
मग स्वतःहून म्हणाले, "तुमचा डबा बी ठिवलावता की परदर्शनात. अध्यक्षांनी हातात घिऊन बगितला. लय कौतिक केलं."
माझं कपाट बंद होतं. कुलूप तसंच आहे, मागची फळी उचकटलेली. डबा परत ठेवलाय, पायरी मोडून. सोबत जाड कागदाची पट्टी, सुंदर अक्षरात: "लेसर यंत्रावर विभागाने साकारलेली प्रतिकृती. संकल्पना व मार्गदर्शन," पुढे इ. सरांचं नाव.
पट्टी वहीत ठेवली. दांड्यांना तेल लावलं. शनिवारची नोंद रजिस्टरमध्ये नाही.

२२ जाने., गुरु.
नोटीस. "यंत्राचा खासगी छंदासाठी वारंवार वापर, लाकडाच्या धुरामुळे लेन्स व इतर भाग निकामी." खुलासा सात दिवसांत. पुरावा म्हणून माझ्याच एकवीस नोंदी, तारखेनिशी.
रविवारी विभागाने साकारलेली प्रतिकृती. गुरुवारी खासगी छंद. तोच डबा.
लाकडाच्या धुराने काजळी धरते, ती स्पिरिटने निघते. त्या धुराने लोखंड दोन दिवसांत गंजत नाही. हे त्यांना कळत नाही असं नाही. एम.ई. आहेत.

२३ जाने., शुक्र.
इ. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मी घेतला नाही.
"सुजाता, तू मला मुलीसारखी." याआधी कधी एकेरी बोलले नव्हते. "चूक झाली असं लिहून दे. समज देऊन विषय मिटवू. मार्चमध्ये तुझी कायम होण्याची फाईल आहे, ती मीच पुढे पाठवणार आहे."
म्हटलं, गेल्या शुक्रवारची, १६ तारखेची, ४.४० ची नोंद बघा.
"ती ओळ तू सोमवारी लिहिली नाहीस कशावरून?"
रजिस्टर आता त्यांच्या कपाटात आहे. मी 'सर' म्हणून उठले.

२५ जाने., रवि. सातारा
आप्पांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, भडकतील. वीस वर्षं फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली, घरात स्क्रू ड्रायव्हर जागेवर नसला तरी बोलतात.
ऐकून घेतलं. नोटीस दोनदा वाचली. म्हणाले, "दे की सही."
"का म्हणून?"
"मीबी दिलीया. साहेबानं तेल न बघता गाडी हाणली, इंजिन जाम झालं. लॉगबुकात माजी चूक लिवली. मी सही केली. म्हनून पेन्शन हाय, म्हनून तू शिकलीस."
आई आतून म्हणाली, "ह्ये मला कवा सांगितलं न्हाई तुमी."
"सांगन्यासारकं हाय का त्ये."
शुक्रवारपेक्षा जास्त राग आला. कुणाचा ते ठरवता येईना. ताट तसंच सारलं. संध्याकाळी आप्पा स्टँडवर सोडायला आले. गाडी सुटताना एवढंच म्हणाले, "तुजं तू बग. मी न्हाई म्हननार न्हाई."

२६ जाने., सोम.
झेंडावंदन. सगळा विभाग एका ओळीत. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक माणसाची जागा मोकळी.

२८ जाने., बुध.
खुलासा टाइप केला. एक पान, चार मुद्दे. एक: परवानगीपत्र, प्रत सोबत. दोन: पीव्हीसीची चाचणी, लेखी सूचना, वेळ. तीन: प्रदर्शनातली पट्टी, प्रत सोबत. चार: शनिवारी यंत्रगृहाची चावी पवार यांच्याकडून कोणी घेतली, याची त्यांच्याकडे चौकशी व्हावी.
द्यायला निघाले तर पवारमामा दारात. टोपी हातात.
"त्यात माजं नाव हाय म्हनं."
"तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. चावी दिली एवढंच सांगायचं."
"कुनाला दिली त्ये सांगाय लागंल की."
"हो."
"म्याडम, तुमी शिकल्याली मानसं. हितं न्हाई तर पुन्यात लागाल. मला ह्या वयात कोन घेतंय? धाकटीचं लगीन ठरलंय." मग हळू, "साहेब काल म्हनलं, पवार, चावीची जबाबदारी तुमची हुती. ध्येनात ठिवा."
म्हणजे मी सही केली नाही तर ते अडकणार. जागा आधीच मोजून ठेवली आहे.
"मामा, मी खोटं लिहू का?"
"खोटं कशाला लिवताय. त्येवडी वळ गाळा."
ती ओळ गाळली तर यंत्र सोमवारी आपोआप गंजलं, एवढंच उरतं. हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. कळलं म्हणून की नाही म्हणून, समजलं नाही. गेले नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेत, इथून दिसतात.
मुदत उद्या पाचची. टाइपरायटरला नवा कागद लावला. तीन मुद्दे होते तसेच उतरवले. चौथ्याचा आकडा टाइप केलाय. त्यापुढे कागद अजून कोरा.