बावखलाचा निकाल

सर, आपल्या गावतळ्याच्या, बावखलाच्या केसचा निकाल लागला. आपल्या बाजूने लागला. तुम्ही गेल्यानंतर इतकी वर्षं नुसत्या तारखा पडत होत्या, त्यामुळे मागच्या महिन्यात पप्पांनी बातमी सांगितली तेव्हा मी जेवत होतो तो जेवतच राहिलो. पप्पाही सांगून झाल्यावर हात धुवायला गेले.

मी हल्ली माणिकपूरला फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. बारावी राहिली ती राहिलीच, पण शुद्धलेखन तुम्ही पक्कं करून घेतलं होतंत, त्यावर नोकरी टिकून आहे. प्रत्येक ओळ मी तीनतीनदा वाचतो, आणि छापून आल्यावर चौथ्यांदा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गावातला एक कार्यकर्ता दुकानात आला. म्हणाला, "अभिनंदनाचा बॅनर पाहिजे. वर मोठ्ठं, ऐतिहासिक निकाल, बावखल वाचलं. भाऊंचा फोटो मोठा, बाजूला वकीलसाहेब." भाऊ म्हणजे आपल्या वॉर्डातले पुढारी. बावखलात डंपर रिकामे होत होते त्या दिवसांत ज्यांचा फोन लागत नव्हता, ते. मी विचारलं, "आणि सर?"

"कोण सर?"

"अर्जावर पहिली सही त्यांची होती."

"ते ऑफ झाले ना रे? बरं, टाक खाली, गोलात. पण छोटा हां, महिला मंडळाला जागा ठेव."

मग बावखलाच्या फोटोचं निघालं. त्याने मोबाइलवर आपलं बावखल दाखवलं. सगळीकडे लव्हाळं, मधे प्लास्टिकच्या पिशव्या, एका कोपऱ्यात हिरवट डबकं. तो स्वतःच म्हणाला, "हा नको. हे बघून लोक विचारतील, वाचलं ते कुठंय? नेटवरून घे कुठलं तरी तळं, कमळंबिमळं असलेलं." मी घेतलं. सर, त्या बॅनरवर शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

आज हे लिहिताना मला मे महिन्यातला तो रविवार दिसतो. चर्चमधली सकाळची मिस्सा सुटते, तुम्ही पी.टी.ची शिट्टी गळ्यात घालून बावखलाच्या पायऱ्यांवर उभे असता आणि घरटी एक माणूस येऊ लागतो. वरच्या आळीतली हिंदू घरंही येतात. पाणी तळाला गेलेलं असतं. गाळ उपसला नाही तर खालचे झरे बुजतात आणि पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरत नाही, हे पोरासोरांनाही माहीत असतं. बावखल भरलेलं तर विहिरी गोड. नाही तर समुद्र आत सरकतो. घमेली हातोहात वर येतात, गाळ केळीच्या वाड्यांत जातो, आणि ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घराने सगळ्यांना चहापाव द्यायचा. बाकी दंड नाही, बोलणं नाही. चहा पिताना मात्र जो तो त्या घराला हसून घ्यायचा. "साखर कमी आहे रे, पुढच्या वर्षी पण येऊ नकोस, जास्त टाकशील!"

नागरिकशास्त्राच्या तासाला एकदा मी कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ असं एका दमात म्हणून दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाठांतर छान. आता सांग, यातलं बावखलाचा गाळ कोण काढतं?" तोंडात शेवटचा शब्द होता तोच मी दिला. न्यायमंडळ. वर्ग खदाखदा हसला आणि तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलंत. "हसण्यासारखं नाहीये हे," तुम्ही त्यांना म्हणालात, पण खाली बस असं मला म्हणाला नाहीत.

मला मतदानाचं कार्ड आलं त्या वर्षी तुम्ही घरी आलात. हातात नवं लोखंडी घमेलं होतं. "पप्पांची कंबर गेली. आता या घरातून तू यायचंस," एवढंच म्हणालात. त्याच वर्षी बावखल बुजवायला बिल्डरचे डंपर आले. तुम्ही दारोदार फिरून सह्या घेतल्यात आणि वकीलसाहेबांच्या बंगल्यावर गेलात. त्यांनी फी घेतली नाही, हे मी विसरलेलो नाही. कोर्टाने भराव थांबवला, पुढचा हुकूम होईपर्यंत जागा आहे तशी ठेवा म्हणून सांगितलं. गावाने फटाके लावले. आणि मग चर्चच्या हॉलमधली ती सभा. वकीलसाहेब समजावतात, "आहे तशी म्हणजे आहे तशी. एक घमेलं गाळ काढलात तरी समोरची पार्टी फोटो काढून कोर्टात लावेल. कोणी हात लावायचा नाही." तुम्ही उठता. "भराव टाकू नका असं कोर्टाने सांगितलंय. साफसफाई करू नका असं कुठे म्हटलंय? विचारा की कोर्टाला." वकीलसाहेब हसून म्हणतात, "सर, तुम्ही शाळा बघा, कोर्ट मी बघतो." हॉल हसतो. पप्पाही हसतात. चांगला माणूस फुकटात केस लढतोय, त्याला कशाला दुखवा, असंच सगळ्यांना वाटलं असणार. कोर्टाला कोणी विचारलं नाही.

त्या मे महिन्यात तुम्ही शिट्टी वाजवलीत तेव्हा मी नवं घमेलं घेऊन आलो. आपण दोघंच. शेजारचे म्हातारे काका सायकलवरून जाता जाता थांबले. "सर, पानी कोर्टाचं झालं आता. नका हात लावू." बराच वेळ आपण पायरीवर बसलो. मग तुम्ही मला विचारलंत, "आज सगळीच घरं गैरहजर. मग चहा कोणी द्यायचा?" परीक्षेतला प्रश्न असल्यासारखा मी विचार करत बसलो. तुम्ही मला घरी नेलंत. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवून स्वतः चहा केलात, बशीत पाव ठेवलात आणि म्हणालात, "खा. गाव गैरहजर होतं, म्हणून गावाचा चहा." पुढच्या वर्षी शिट्टी वाजली नाही. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

नंतरचं काय सांगू. कोणी भराव टाकला नाही, कोर्टाचा हुकूम सगळ्यांनी पाळला. बावखल गाळाने आपोआप भरत गेलं. आधी वरच्या आळीची विहीर मचूळ झाली, मग आमची. केळीची पानं कडेने करपतात. पप्पा रोज सकाळी पोहऱ्यातलं पाणी जिभेवर घेऊन बघतात आणि ओतून देतात. प्यायला टँकर येतो. यात राग कोणावर धरायचा हे मी पुष्कळ दिवस शोधलं. कोर्टाने आपलं काम केलं, वकीलसाहेबांनी त्यांचं केलं. आमचं काम कुठलं, हे सांगणारा माणूस गोलातल्या छोट्या फोटोत आहे. आता राग येतच नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या कबरीवर ठेवावं असं मनात आलं होतं, पण कोणी उचलून वाचलं तर, म्हणून तेही नको. घरातच राहील.

एक मात्र सांगतो. काल मेचा शेवटचा रविवार होता. तुमच्या घमेल्यात मम्मीने अळू लावलंय. ते मी मातीसकट बादलीत काढलं आणि मिस्सा सुटल्यावर बावखलावर गेलो. बॅनरवर ऊन पडलं होतं. पहिल्या पायरीवर उभा राहिलो आणि खिशातून मोबाइल काढून वकीलसाहेबांना फोन लावला. "साहेब, आता उतरून गाळ काढला तर चालेल का?" ते म्हणाले, "अरे, केस संपली! तुमचंच आहे ते, मला काय विचारतोस?"

मी थँक यू म्हटलं. फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्याच पायरीवर होतो, आणखी कोणी येतंय का बघत. मग घरी आलो. पाय कोरडेच होते. या वर्षीचा चहा आमच्या घराकडे लागतो, सर.